शाळेतली खिचडी किती वाजता येते? (ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा)

मीठबंदर
मंडळी, मी लोकमान्यनगरच्या बाजूला एका अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांना गणित शिकवते. मुलं जवळजवळ सगळी महापालिकेच्या शाळेतली. आया घोडबंदर रोडच्या टॉवरांत धुणीभांडी नाहीतर पोळ्यांची कामं करणाऱ्या. बाप रिक्षावर, नाक्यावर, नाहीतर वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला.

शालेय पोषण आहारावर इथे आधी बरेच धागे येऊन गेलेत. पण ते सगळे शेवटी 'खिचडीत अळी' आणि 'कंत्राटदाराचं पोट' या दोनच मुद्द्यांवर येऊन बसतात. ते मुद्दे खोटे आहेत असं नाही. मला मात्र एक साधी चौकशी करायची आहे. तुमच्या भागातल्या शाळेत जेवण किती वाजता येतं आणि तेव्हा ते गरम असतं का?

कारण सांगते. सकाळच्या सत्राची शाळा सातच्या सुमारास भरते. आईचं पहिलं काम साडेसातचं, म्हणजे ती पावणेसातलाच घराबाहेर. मूल चहा-टोस्टवर शाळेत जातं. मधल्या सुट्टीत खिचडी पोटात पडली की दुपारपर्यंत त्याचं भागतं. तोवर आई दोन घरं जास्त करून येते. जेवण आलंच नाही, किंवा शाळा सुटायच्या बेतात आलं, की मूल घरी येऊन शेजारच्या टपरीवर दहा रुपयांचं वेफर्सचं पाकीट घेतं आणि झोपतं. हे दोन-तीनदा झालं की आई दुपारचं काम सोडते. एक जण मला म्हणाली, "टीचर, खिचडीचा टेम्पो येतो का नाही त्याच्यावर माझं दीड वाजताचं काम आहे."

म्हणून माझं म्हणणं असं, की या योजनेचा हिशोब आपण फक्त कॅलरीत मांडतो. पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. कागदावर हे पक्कं आहे. पण घरादाराचा दिवस ज्यावर बेततो ती जेवणाची वेळ कोणीच मोजत नाही. जून २०२४ मध्ये शासनाने पंधरा पाककृतींची यादी काढली. मटार पुलाव, चवळी खिचडी, मूग-शेवगा वरण, नाचणी सत्त्व, सगळं त्यात आहे. यादी वाचून मलाच भूक लागली. पण मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि टेम्पो तीन हात नाक्याला अडकलेला असला, तर चवळी काय नि मटार काय.

पारसिक
धागा चांगला काढलात. मी कळवा-मुंब्रा पट्ट्यात पालिका शाळेत शिक्षक आहे. शाळेचं नाव विचारू नका, नोकरी प्यारी आहे.

आमच्याकडे शाळेत चूल नाही. शहरात जागा नसेल तिथे केंद्रीय स्वयंपाकगृहातून जेवण आणायची मुभा योजनेतच आहे, त्याप्रमाणे एक संस्था शिजवून पाठवते. रोजचा क्रम असा. पहिल्या तासाला हजेरी, मग पटावर किती आणि जेवणार किती तो आकडा कळवायचा. टेम्पो आला की स्टीलचे मोठे डबे उतरवून घ्यायचे, झाकण उघडून एका मोठ्या माणसाने चव घ्यायची, नोंदवहीत सही करायची, वर्गवार वाटायचं आणि शेवटी ॲपमध्ये आकडा भरायचा. एका इमारतीत आमच्यासारख्या तीन शाळा आहेत, मराठी, हिंदी आणि उर्दू. जिना एकच. मधली सुट्टी वीस-पंचवीस मिनिटांची. आता तुम्हीच गणित करा, तुमचा विषय आहे.

उशिराचं दुखणं तुम्ही लिहिलंत. त्याची दुसरी बाजू आहे ती लवकर येण्याची. वाटेत ट्रॅफिक लागेल म्हणून टेम्पोवाला दीड तास आधीच डबे टाकून पुढच्या शाळेकडे सुटतो. बंद डब्यात मूगडाळ खिचडी दीड तास राहिली की ती घट्ट धरते. पळी घातली तर उभी राहते. वाढणारी बाई उलथन्याने वड्या पाडल्यासारखी तोडून वाढते. मुलं वरवरची चाटतात, बाकीचं बादलीत. आणि आमच्या वहीत शेरा काय, तर 'चव चांगली, मीठ योग्य'. चव घेतली तेव्हा ती चांगलीच होती हो!

पाटणचा_पाव्हणा
कोपरखैरण्यातनं लिहितोय. मी एपीएमसीच्या घाऊक मार्केटला माथाडी, रात्रपाळी. पोरगी चौथीला, नवी मुंबई पालिकेच्या शाळेत. आमच्याकडं जेवाण वेळेवर येतं, खोटं कशाला बोलू. पोरगी सोयाबीनच्या वड्या ताटाच्या कडंला लावून ठेवती आणि बाजूच्या पोराला देऊन त्याच्याकडनं बटाटा घेती. असा बाजार मांडून बसत्यात. एपीएमसीचं रक्त, दुसरं काय.

मिसेस ऐरोलीला एका कंपनीत हाऊसकीपिंगला आहे. पोरीचं शाळेत पोटभर झालंय म्हटल्यावर ती निवांत असती. मी सकाळी येऊन झोपल्यालो असतो, मला उठवत नाहीत. ह्या योजनेचा फायदा पोरीला तर झालाच, माझ्या झोपंलापण झाला.

कोपरीपूर्व
थोडा वेगळा सूर लावतो, हलकेच घ्या. आपल्या मुलाला जेवू घालणं ही आईबापाची जबाबदारी नाही का? सरकारने शिक्षकांना वाढपी केलं, मुख्याध्यापकांना भांडारपाल केलं. त्यापेक्षा सरळ पैसे आईच्या खात्यावर टाका. टेम्पो नाही, कंत्राट नाही, भ्रष्टाचार नाही. आई घरचं ताजं देईल.

बेलापूरपट्टी
कोपरीपूर्व, किती पैसे टाकणार ते आधी बघू. धान्य सोडून डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या सगळ्याला मिळून १ मे २०२५ पासूनचा केंद्राचा दर प्राथमिकला मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे आहे. त्यात केंद्र-राज्य वाटा ६०:४०. तांदूळ अन्न महामंडळाकडून वेगळा, लहानांना १०० ग्रॅम आणि मोठ्यांना १५०. हजार मुलांचं एकदम शिजतं म्हणून पावणेसात रुपयांत २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल कसंबसं बसतं. एका आईच्या खात्यात पावणेसात रुपये आले तर ठाण्यात कोथिंबिरीची जुडी येत नाही.

आणि शिजवायला तिला सकाळी वेळ कुठे आहे? धाग्याचा विषयच तो आहे. पैशाने तिची वेळ परत येत नाही.

(मी आहारतज्ज्ञ आहे, वाशीला प्रॅक्टिस. सरकारी नोकर नाही, कोणाची बाजू घ्यायचं कारण नाही.)

टेंभीनाका
कोपरीपूर्व यांची सूचना काही नवी नाही, ती करून झालेली आहे. पैशांऐवजी तांदूळ होता, एवढाच फरक.

योजना देशभर सुरू झाली १५ ऑगस्ट १९९५ ला. तेव्हा बहुतेक राज्यांनी शिजवून देण्याऐवजी कोरडं धान्य वाटलं, आपल्याकडे तांदूळ. ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला मुलामागे ३ किलो. मी तेव्हा नोकरीत होतो, वाटपाच्या दिवसाची रांग डोळ्यांसमोर आहे. मुलं पिशव्या घेऊन यायची आणि त्या दिवशी हजेरी शंभर टक्के. पण तो तांदूळ एकदा घरात गेला की सगळ्यांचा व्हायचा. आजोबा, काका, गावाहून आलेला पाहुणा, सगळ्यांच्या ताटात. त्यात वाईट काही नाही, घर असंच चालतं. मात्र मुलाच्या नावाचा तांदूळ मुलाच्या वाट्याला किती आला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मग राजस्थानात गोदामं भरलेली आणि माणसं उपाशी, यावरून पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलंच जेवण द्या. किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षात किमान २०० दिवस. आपल्याकडे खिचडी आली ती त्यानंतर. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये नाव बदलून 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' झालं. मुलं अजून 'खिचडी'च म्हणतात, पुलाव असला तरी.

कोपरीपूर्व
माहितीबद्दल आभार. पण एक शंका राहतेच. शाळेत मिळतंय म्हटल्यावर घरी आई हात आखडता घेत नसेल कशावरून? म्हणजे एकूण मुलाच्या पोटात तेवढंच.

बेलापूरपट्टी
शंका रास्त आहे आणि त्यावर काम झालेलं आहे. अर्थशास्त्रज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातल्या मुलांचं शाळेच्या दिवशीचं आणि सुट्टीच्या दिवशीचं खाणं ताडून पाहिलं. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत जे मिळालं त्यातलं बरंचसं मुलाच्या एकूण खाण्यात भर म्हणूनच दिसलं. घरचं ताट त्या मापाने कापलं गेलं नव्हतं.

दुसरा अभ्यास मला जास्त आवडतो. सुमन चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांचा, 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये २०२१ साली आलेला. ज्या मुली शाळेत असताना मध्यान्ह भोजन जेवल्या, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांमध्ये खुरटलेपण (वयाच्या मानाने उंची कमी राहणं) कमी आढळलं. याचा अर्थ पाव्हण्यांच्या मुलीने आज त्या सोयावड्या खाल्ल्या तर उद्या त्यांच्या नातवंडांच्या उंचीत फरक पडू शकतो. तिला सांगा, बटाट्याच्या बदल्यात देऊ नकोस म्हणावं.

पाटणचा_पाव्हणा
सांगितलं. म्हणली, मंग बटाटा कोण देणार?

येऊरची_वाट
कोरड्या शिध्याचा अनुभव आमच्या पाड्यांवर अगदी अलीकडचा आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिजवलेल्याच्या ऐवजी तांदूळ-डाळ-कडधान्याचं वाटप आलं. आम्ही काही जण पाड्यांवर निरोप पोचवायचं काम करत होतो. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तारीख टाकली म्हणे. ज्यांच्या घरात एकच साधा फोन, तोही बाप कामाला घेऊन जाणार, त्यांनी ती कुठे वाचायची? शिधा मिळाला नाही असं नाही, मिळाला. ज्या घरी शिधा गेला ती घरं तगली, हे मी पाहिलंय. पण तो सगळ्यांत वाटला गेला, टेंभीनाका काका म्हणतात तसाच. आणि रोज अकरा वाजता एकत्र बसून जेवायची सवय मोडली ती मोडलीच. शाळा उघडल्यावर काही मुलं परत आलीच नाहीत, विटभट्टीवर नाहीतर कॅटरिंगवाल्याकडे लागली.

चारोळी
एक बाळबोध प्रश्न. खिचडीतला तांदूळ प्लास्टिकचा असतो का? आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, पाण्यावर तरंगणारे दाणे. त्यांनी मुलाला शाळेत जेवू नको म्हणून सांगितलंय.

बेलापूरपट्टी
बरं झालं विचारलंत. प्लास्टिक नाही हो! शाळांना आणि रेशनला गेल्या काही वर्षांत पोषणयुक्त तांदूळ आलेला आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून तांदळाच्याच आकाराचे दाणे काढतात आणि साधारण १०० किलो तांदळात असे १ किलो दाणे मिसळतात. हे दाणे जरा वेगळ्या रंगाचे दिसतात आणि धुताना काही वर येतात. अडचण अशी की घरोघरी रेशनचा तांदूळ निवडताना बायका नेमके हेच दाणे खडा समजून बाजूला काढतात, म्हणजे ज्यासाठी खटाटोप ते सुपाबाहेर. मावशींना सांगा, एक तरंगणारा दाणा बोटांत दाबून बघा. भिजल्यावर पीठ होतं, प्लास्टिकचं होणार नाही. घरात थॅलेसेमियाचं मूल असेल तर मात्र लोहाबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यायचं.

मीठबंदर
चर्चा छान चालली आहे. आता मी एक वादाचा मुद्दा टाकते.

अभ्यासिकेत सहावीतली एक मुलगी आहे. तिच्या दप्तरात श्रीखंडाचा रिकामा पाव किलोचा डबा असतो. मधल्या सुट्टीत ती अर्धं खाते, अर्धं त्या डब्यात भरते आणि घरी तीन वर्षांच्या भावाला भरवते. आई दोनला येईपर्यंत तो मोठ्या आजीकडे असतो, आणि आजीला दिसत नाही नीट. आता शाळेतल्या बाईंनी डबा बंद करवला. शाळेतलं शाळेतच संपवायचं, घरी न्यायचं नाही. मुलगी खिचडी खाईना. भाऊ उपाशी असताना मी कशी खाऊ, असं तिने मला सांगितलं नाही, पण ताट तसंच परत जातंय, हे तिच्या मैत्रिणीने सांगितलं.

मला विचाराल तर तो डबा चालू द्यावा.

पारसिक
ताई, इथे मी तुमच्या विरुद्ध. तो डबा मीही बंद केला असता.

ऑक्टोबरच्या उन्हात दप्तरात प्लास्टिकच्या डब्यात दोन तास कोंबलेला भात-डाळ. तीन वर्षांच्या पोराला उलट्या झाल्या की पहिली चौकशी कोणाची? बिहारमध्ये सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. स्वयंपाकात कीटकनाशक गेलं होतं. तेव्हापासून चव घेण्यावर फार जोर आला आणि प्रत्येक मुख्याध्यापकाच्या मनात ती भीती कायमची बसली. तुम्ही म्हणाल, शिळी खिचडी आणि विष यांची तुलना होऊ शकत नाही. बरोबर. पण वर्तमानपत्रात मथळा 'विषबाधा' असाच येतो.

शिवाय सहावीच्या मुलीला १५० ग्रॅम तांदळाचं जेवण मंजूर आहे, ते तिचं आहे. अर्धं भावाला गेलं तर तिला ७०० कॅलरी नाही, ३५० मिळाल्या. मुलगी आहे म्हणून ती स्वतःच्या ताटातलं काढतेय. मुलगा असता तर काढलं असतं का, हाही विचार करा.

येऊरची_वाट
पारसिक सर, शेवटचं वाक्य लागलं. पण उत्तर डबा काढून घेणं नाही. तीन वर्षांचं मूल अंगणवाडीचं आहे. तिथे तीन ते सहा वयाच्या मुलांना गरम ताजा आहार मिळतोच. त्याचं नाव अंगणवाडीत आहे का, हे आधी पाहा. वस्तीत भाड्याने आलेल्या कुटुंबांची नावं राहून जातात.

मीठबंदर
येऊर, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. उद्याच आजीला भेटते. पण पारसिक, नाव लागून रोजचं खाणं सुरू होईपर्यंत काही दिवस जाणार. तेवढे दिवस तरी झाकणाचा स्टीलचा डबा द्या आणि शाळा सुटल्यावर ताबडतोब घरी जायचं बजावा. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत ताट परत जाण्यापेक्षा ते बरं.

पारसिक
स्टीलचा डबा आणि आईची चिठ्ठी असेल तर मी डोळेझाक करीन. लेखी परवानगी देणार नाही.

टेंभीनाका
सरकारी नोकरीतली सगळी माणुसकी या 'डोळेझाक'मध्येच बसते, असं माझं जुनं मत आहे. चालू द्या.

कोपरीपूर्व
अंड्याचं काय झालं? मध्यंतरी पेपरात बराच गदारोळ होता.

बेलापूरपट्टी
थोडक्यात सांगते. २०२३ च्या अखेरीस राज्याने आठवड्यातून एकदा अंडं आणि जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं, असं सुरू केलं होतं. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयात अंडा पुलाव आणि खीर-नाचणी सत्त्वासारखे गोड पदार्थ ऐच्छिक झाले आणि त्यांच्यासाठी वेगळा निधी नाही, लोकसहभागातून करा असं आलं. ठाण्यात एक अंडं सहा-सात रुपयांना आहे, म्हणजे लहान मुलाच्या दिवसभराच्या खर्चाइतकं. लोकसहभाग हिरानंदानीच्या टॉवरांशेजारच्या शाळेला मिळेल, तुर्भ्याच्या दगडखाणीच्या वस्तीतल्या शाळेला कोण देणार? गरज जिथे जास्त तिथे देणारे कमी, हे सांगायला शासन निर्णय लागत नाही.

तामिळनाडू अंडी रोज देतं. सप्टेंबर २०२२ पासून त्यांनी सरकारी प्राथमिक शाळांत सकाळचा नाश्ताही सुरू केला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात नाश्त्याची शिफारस आहे. आपल्या सकाळच्या सत्राच्या मुलांना खरं तर तोच हवा.

पारसिक
नाश्त्याला अनुमोदन. पहिल्या दोन तासांत निम्मी मुलं फळ्याकडे बघतच नाहीत, दाराकडे बघतात.

आणि इथे कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. वाढपाला आमच्याकडे ज्या बायका येतात त्या याच मुलांच्या आया आणि मावश्या आहेत. स्वयंपाकी-मदतनीस म्हणून केंद्राच्या हिशोबाने मानधन महिन्याला १००० रुपये, राज्याने २०२३ मध्ये ते २५०० केलं, तेही वर्षातले १० महिने. टॉवरमध्ये एका घराची भांडी घासली तर याच्या आसपास मिळतात. तरी त्या येतात, कारण मूल डोळ्यांसमोर राहतं आणि पाऊस-पाणी असलं तरी काम वस्तीतच. एखादी चांगली बाई टॉवरचं काम मिळालं की सोडून जाते. मग नवीन बाईला वाढायचं माप शिकवा, पहिल्या वर्गाला डोंगर आणि शेवटच्या वर्गाला तळाची खरवड असं चार दिवस चालतं.

पाटणचा_पाव्हणा
आमचं थोरलं आता नववीला गेलं. शाळा तीच, इमारत तीच, खालच्या मजल्यावर खिचडीचा वास येतोय आणि ह्याला मिळत नाही. आठवीपर्यंतच हाय म्हणं. पंधरा वर्षाचं पोर, भूक तर आता खरी लागती. मिसेसला आता पहाटं उठून त्याचा डबा करावा लागतो. तिची एक बस चुकली की लेट मार्क.

टेंभीनाका
पाव्हणे, योजना शिक्षण हक्क कायद्याच्या वयाला जोडलेली आहे, सहा ते चौदा. म्हणून आठवीला कात्री. तामिळनाडू आणि कर्नाटकात दहावीपर्यंत देतात, राज्याने ठरवलं तर होतं. आपल्याकडे मागणी अशी जोरात कोणी केलेली मला तरी आठवत नाही.

मीठबंदर
पाव्हण्यांच्या मिसेसचं लेट मार्क आणि माझ्या इथल्या बाईचं दीड वाजताचं काम, हे मी धागा काढताना लिहिलं त्याचंच उदाहरण आहे. नववीत मूल मोठं झालं असं शासन धरतं, पण घरातली पहाट एक तासाने अलीकडे सरकते, ती कोणाच्या खात्यात मांडायची?

आता कामाचं विचारते. जेवण आलंच नाही किंवा फेकून द्यायच्या लायकीचं आलं, तर पालकांनी नेमकं काय करायचं?

टेंभीनाका
२०१५ चे मध्यान्ह भोजन नियम आहेत, ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर असायला हवेत. शाळेच्या दिवशी जेवण दिलं नाही, मग कारण धान्य संपलं असो की स्वयंपाकी आले नाहीत, तर मुलाला त्या दिवसाचा अन्न सुरक्षा भत्ता मिळायला हवा. म्हणजे ठरलेलं धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाएवढी रक्कम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळालं नाही तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची. माझ्या माहितीत या भत्त्याचा अर्ज केलेला एकही पालक नाही, कारण असं काही असतं हे कोणाला ठाऊकच नाही.

आणि शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला लागतात, कायद्यानेच. आहारावर देखरेख करायचा तिला अधिकार आहे. चव नोंदवही बघायला मागा, आढेवेढे घेतले तर समितीच्या बैठकीत विषय लावा. ओरडून काही होत नाही, इतिवृत्तात आलं की होतं.

पारसिक
आतल्या गोटातून एक सुचवतो. आमच्या नोंदवहीत चव, मीठ, शिजलं की नाही, सही, एवढेच रकाने आहेत. टेम्पो किती वाजता आला आणि वाढप किती वाजता सुरू झालं, हे कुठेच लिहिलं जात नाही. त्यामुळे 'रोज उशीर होतो' असं आम्ही कळवलं की पलीकडून उत्तर येतं, 'एखाद्या दिवशी झाला असेल.' दोन रकाने वाढवून महिनाभर वेळ लिहिली तर माझ्याच मुख्याध्यापकांच्या हातात कागद येईल. त्यांनाही तो हवाच आहे. आपला वेळेचा मुद्दा मी पुढच्या बैठकीत मांडतो.

मीठबंदर
मांडाच. बैठक कधी असते?

पारसिक
शनिवारी सकाळी अकराला.

मीठबंदर
अहो, अकराला त्या आया कुठे असतात ते मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. समितीतल्या किती बायका येतात?

पारसिक
सह्या सगळ्यांच्या असतात.

पाटणचा_पाव्हणा
😀 सर, आमच्याकडं पण असंच. वही घरी येती सहीला.

येऊरची_वाट
दुपारी अडीचला ठेवा ना. कामं आटोपून घरी आलेल्या असतात, मुलंही परत आलेली असतात.

पारसिक
अडीचला दुपारचं सत्र चालू असतं, एक वर्ग रिकामा नाही. खालच्या व्हरांड्यात जिथे डबे उतरतात तिथे बसता येईल, पंखा नाही पण सावली आहे. मुख्याध्यापकांना विचारून सोमवारी इथेच लिहितो.